हनिमूनला ग्रीसची बेटं: मला इतिहास हवाय, ह्याला बीच हवाय, रूट कसा लावू?

घोडबंदरची_लेक
नमस्कार मंडळी, मी ठाण्याची. मे मधे लग्न आहे, जेजुरी आणि घरची पूजा आटपली की जूनच्या सुरुवातीला निघायचं ठरतंय, दोन आठवडे रजा मिळालीये. ग्रीस पक्कं आहे. प्रश्न असा की मी वसईच्या किल्ल्यात अख्खा दिवस काढू शकते आणि ह्याला स्वच्छ पाणी आणि वाळू दिसली की बाकी काही नको. एजंटने अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, ऱ्होड्स, क्रीट सगळंच कोंबलंय, हे खरंच जमतं का? ह्याला पोहता येत नाही फारसं आणि मी शाकाहारी आहे. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

सानपाडा_फास्ट
आधी दोघांचं मनापासून अभिनंदन! तो प्लॅन घेऊ नकोस. नकाशात बेटं जवळ दिसतात पण प्रत्येक वेळी बेट बदललं की चेकआउट, बंदर, फेरीची वाट, पुन्हा चेकइन, ह्यात अर्धा दिवस जातोच, आणि हनिमूनला बॅगा ओढत फिरण्यात काय मजा.

एकाच फेरी लाइनवरची बेटं घे. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून नाक्सोस, तिथून सँटोरिनी, तिथून क्रीटचं हेराक्लिओन आणि मग विमानाने परत अथेन्स. सरळ खाली जायचं, मागे फिरायचं नाही. नाक्सोसला मोठ्या फेरीने पाच-साडेपाच तास लागतात पण डेकवर बसता येतं, फास्ट बोटीत वेळ वाचतो पण आत सीटवरच बसावं लागतं.

आता नाक्सोसबद्दल जरा जास्त लिहितो कारण तुमच्या दोघांचं भांडण तिथेच मिटेल. बंदराला लागूनच पोर्तारा आहे, अपोलोच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, इ.स.पू. सहाव्या शतकातला. देऊळ कधी पूर्णच झालं नाही, नुसती चौकट उभी आहे, आणि त्यातले बरेच दगड नंतर व्हेनिशियन लोकांनी वर गावातला किल्ला बांधायला नेले. तुला तिथून हलवावं लागेल बघ. बेटाच्या उत्तर टोकाला अपोलोनासच्या खाणीत एक अर्धवट कोरलेला पुतळा आडवा पडलाय, दहा मीटरपेक्षा लांब, दाढी कळते, हात नुसते ठोकळे, पाय खडकातून सुटायचेच राहिलेत. कुंपण नाही, तिकीट नाही, जवळ जाऊन छिन्नीचे घाव बघता येतात. आणि नवऱ्यासाठी आगिओस प्रोकोपिओस आणि प्लाका, लांबच लांब वाळू, गावातून बस जाते. पोहता येत नसेल तर गावाजवळचा आगिओस जॉर्जिओस बघा, पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे.

जून चांगला निवडलात. जुलै-ऑगस्टला तिकडे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, फार जोर धरला तर फेऱ्याही रद्द होतात.

नौपाड्याचा_गडी
वरचा रूट बरोबर आहे पण किल्लेवाल्या मुलीला ऱ्होड्स सोडायला सांगणं मला काही पटत नाही. १३०९ ते १५२२ तिथे नाइट्स हॉस्पिटलर ह्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाचं राज्य होतं, मग ऑटोमन सुलतान सुलेमानने सहा महिने वेढा घालून घेतलं. तटबंदी, बुरूज, कोरडा खंदक सगळं शाबूत, खंदकात उतरून चालता येतं, आणि आत लोक आजही राहतात. लिंडोसला कड्यावर अथेनाचं देऊळ आणि बरोब्बर खाली बीच. अथेन्सहून विमानाने तासाभरात पोचता. मी म्हणेन अथेन्स, ऱ्होड्स, क्रीट एवढंच करा.

घोडबंदरची_लेक
बापरे, आता खंदक वाचून मन तिकडे गेलं 😍 पण सँटोरिनीला गेलो नाही तर ह्याच्या बहिणी मला घरात घेणार नाहीत, फोटो हवेतच सगळ्यांना. तिथे नुसते पांढरे घुमटच आहेत की बघायला काही आहे? आणि व्हिसाचं कधी सुरू करू?

कोपरखैरणे_ताई
अगं आहे ना, अक्रोतिरी! साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं, आता वर छप्पर घातलंय आणि आपण गल्ल्यांमधून फिरतो, दोन-तीन मजली घरं, रांजण जागच्या जागी. माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत, म्हणजे लोक आधीच निघून गेले असावेत. बीच म्हणशील तर वाळू काळी, दुपारी पाय भाजतात, चपला लागतातच. दोन रात्री पुष्कळ झाल्या.

व्हिसा: ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), त्याचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटपर्यंत थांबू नका. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा हवा. आणि नीट ऐक, आडनाव बदलणार असशील तर पासपोर्टवरचं नाव ट्रिपहून परत आल्यावर बदल. व्हिसा, तिकिटं, हॉटेल सगळं सध्याच्या पासपोर्टवरच्या नावाने. लग्नाच्या गडबडीत घरातलं कोणीतरी हौसेने नवीन नावाने तिकीट काढतं आणि मग निस्तरत बसावं लागतं.

खाण्याची काळजी नको. सँटोरिनीचा फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. शिवाय भात भरलेले टोमॅटो, मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्या... सॉरी, पांढऱ्या शेंगांचे मोठे दाणे टोमॅटोत शिजवलेले, क्रीटला डाकोस, म्हणजे कडक टोस्टवर टोमॅटो आणि चीज. फक्त ऑर्डर देताना मांस-मासे नको हे स्पष्ट सांग, भरलेल्या भाज्यांत कधीकधी खिमा असतो.

घोडबंदरची_लेक
ताई थँक्यू, पासपोर्टचं लक्षातच आलं नव्हतं, आईने कालच विषय काढलेला. आत्ताच दोघं बसलो, नाक्सोसला जास्त रात्री, सँटोरिनी दोन आणि शेवट क्रीट. ऱ्होड्स ह्यावेळी नाही 😔 क्रीटला क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि म्युझियम एकाच दिवशी होईल ना?

सानपाडा_फास्ट
आरामात, क्नोसोस हेराक्लिओनपासून पाचेक किलोमीटरच आहे. सकाळी उघडताच जा, सावली कमी आहे. तिथले लाल खांब आणि रंगीत भिंती बऱ्याचशा आर्थर इव्हान्स ह्या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकात काँक्रीट वापरून उभ्या केल्यात, मूळ भित्तिचित्रं शहरातल्या म्युझियममधे आहेत, म्हणून दुपारी एसीत ते निवांत बघायचं. अथेन्सला अॅक्रोपोलिसचं तिकीट वेळेच्या स्लॉटनुसार असतं, ते तेवढं ऑनलाइन आधी काढा.