बी विंगच्या गच्चीवर सोनं

मंजिरी पाटणकर (बी-४०२): सुप्रभात. काल दुपारी गच्चीवर परत तोच तांबूस धूर. आमसुलं उलटायला गेले तर टाकीच्या मागे शेगडी, दोन काचेची भांडी, पोतंभर मदरबोर्ड आणि निळ्या पाण्याचे दोन कॅन. माझा घसा अजून धरलेला आहे आणि आईंना रात्री दोनदा पंप घ्यावा लागला. कोणाचं आहे ते सगळ्यांना माहितीये, मी नाव घेत नाही.

प्रथमेश (ए-४०३): नाव नको, फ्लॅट नंबर सांगा. बी-१०१ 😀

संदेश शिर्के (बी-१०१): वहिनी नाव घ्या ना बिनधास्त. ओंकार माझा मुलगा आहे, चोरी करत नाहीये. बी.एस्सी. होऊन दीड वर्ष घरी आहे, काहीतरी हातपाय मारतोय तर लगेच ग्रुपवर. तुमच्या एसीचं पाणी आमच्या बाल्कनीत पडतं ते मी कधी ग्रुपवर टाकलं का?

मंजिरी पाटणकर: आत्ता टाकलंत की.

नेने काका (ए-२०१): लिफ्टच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचं, काय झालं? बी विंगची लिफ्ट परत दोन मजल्यांच्या मध्ये अडकली म्हणे.

सुर्वे, सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुपवर वैयक्तिक विषय आणू नयेत. गच्ची ही सामायिक जागा आहे. ओंकार, तू स्वतःच काय ते सांग बाळा.

ओंकार शिर्के: नमस्कार काका. चिपळूणच्या २०२१ च्या पुरात भिजलेले बरेच जुने कॉम्प्युटर एका भंगारवाल्याकडे पडून होते, त्यातले बोर्ड आणि रॅम मी किलोवर आणले. रॅमच्या खालच्या पिवळ्या पट्ट्या खऱ्या सोन्याच्या मुलाम्याच्या असतात. आधी नायट्रिकमध्ये टाकलं की तांबं, निकेल विरघळतं आणि सोन्याचे पातळ पापुद्रे सुटे होतात, ते गाळून मग दोन ॲसिडच्या मिश्रणात. टोकियो ऑलिम्पिकची सगळी पदकं अशाच जुन्या मोबाईल-कॉम्प्युटरमधून केली होती, ३२ किलो सोनं निघालं होतं. मी काही जगावेगळं करत नाहीये.

प्रथमेश: भावा, ३२ किलोसाठी त्यांनी ७८ हजार टनांहून जास्त भंगार जमवलं होतं. पार्किंगमध्ये मावेल का बघ, तशीही पाटणकरांची दुसरी गाडी तिथे बेकायदेशीर उभीच आहे.

मंजिरी पाटणकर: प्रथमेश, ती गाडी पाहुण्यांची आहे.

प्रथमेश: गणपतीपासून आलेत का पाहुणे?

मयेकर काका (ए-१०३): ता निळा पाणी खंय ओतलंस ता सांग पयला.

दामले सर (ए-३०१): ओंकार, दहावीत तुला शिकवलेलं तू विसरला नाहीस याचा आनंद मानावा की काळजी करावी कळत नाही. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक म्हणजे आम्लराज, त्यात सोनं विरघळतं हे बरोबर. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा डी हेवेसी या शास्त्रज्ञाने फॉन लाउए आणि फ्रँक यांची नोबेल पदकं अशीच विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली, युद्ध संपल्यावर त्याच द्रावातलं सोनं परत काढून पदकं पुन्हा घडवली. पण ते काम प्रयोगशाळेत झालं. गच्चीवर, आमसुलांच्या शेजारी नव्हे.

मंजिरी पाटणकर: सर, बाटलीची गोष्ट छान आहे, आमच्या टाकीचं सांगा.

रेश्मा काझी (बी-२०२): मी ड्यूटीवरून आत्ता आले, सगळं वाचलं. तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड ना सर? तो फार फसवा. त्या वेळी थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं आणि काही तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी होऊन पेशंट येतो. ओंकार, तू स्वतः किती घेतलास आत? दम लागला, छाती भरल्यासारखी वाटली तर झोपून राहू नकोस, सरळ हॉस्पिटलला ये. वहिनी, आईंना आजच दाखवून घ्या.

ओंकार शिर्के: मास्क लावतो ताई.

रेश्मा काझी: कोविडवाला निळा? तो वासाला पण अडवत नाही रे.

संदेश शिर्के: सराफांकडे सोनं गाळणारे गलाईवाले बसतात, विट्याकडचे, आटपाडीकडचे, देशभर त्यांची दुकानं आहेत, रोज तेजाब म्हणजे ॲसिडच वापरतात. त्यांना कोण काय बोलत नाही. गरिबाच्या पोराला सगळे शहाणपण शिकवायला पुढे.

सुर्वे, सेक्रेटरी: शिर्के साहेब, गलाईवाल्यांचा पिढीजात धंदा आहे आणि ते अंगठ्या-बांगड्या वितळवतात, त्यात सोनं जास्त, बाकीचं कमी. बोर्डात उलटं आहे. आणि २०१३ पासून ॲसिड घ्यायला दुकानात रजिस्टर, ओळखपत्र सगळं लागतं. ओंकारला मिळालं कसं हा वेगळा विषय.

ओंकार शिर्के: (हा मेसेज डिलीट केला आहे)

प्रथमेश: वाचला मी 😀

मयेकर काका: ता निळा पाणी खंय ओतलंस ता सांग पयला.

दामले सर: संदेशराव, रागावू नका, फक्त हिशोब बघा. चांगल्या रॅमच्या पट्टीवर सोन्याचा थर साधारण पाऊण मायक्रॉन असतो, स्वस्त मालात त्याहून कमी. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला जेमतेम दीड मिलिग्रॅम. एक आख्खा ए-फोर कागद सलग त्याच जाडीने मढवला तरी एक ग्रॅम भरत नाही. रॅमच्या एका पट्टीवर दोन्ही बाजू धरून मुलामा किती, पाचेक चौरस सेंटीमीटर. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास रॅम फोडाव्या लागतील, त्यात गळती धरलेली नाही.

ओंकार शिर्के: सर मदरबोर्डात कनेक्टर पण असतात, प्रोसेसरच्या पिना असतात.

दामले सर: असतात. आणि बोर्डावर कथिलाची डाग, म्हणजे सोल्डर, पण असते. ती नायट्रिकमध्ये गेली की काय होतं?

ओंकार शिर्के: पांढरा चिकट गाळ होतो. फिल्टर पेपरमधून खाली उतरतच नाही काही, दोन दिवस तसंच गाळत ठेवलं होतं.

दामले सर: त्या चिकट गाळात तुझं निम्मं सोनं अडकलं असेल.

शुभदा सावंत (बी-३०३): मला एक कळू दे. ओंकार माझ्याकडून सरबताच्या पावडरीची पुडी घेऊन गेला, मावशी थोडं केएमएस दे म्हणाला, मला वाटलं त्याच्या आईला कैरीचं पन्हं टिकवायचं आहे. ती पण यातच वापरली का रे?

ओंकार शिर्के: हो मावशी. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. ॲसिडमध्ये विरघळलेलं सोनं त्यानेच तपकिरी भुकटी होऊन खाली बसतं.

वर्षा (ए-२०४): अगं बाई, मग आपण पितो त्या सरबतात तेच असतं??

शुभदा सावंत: वर्षा, चिमूटभर असतं, परवानगी असते तेवढंच, कोणत्याही कंपनीचं लेबल वाच. आणि माझ्या कोकमाच्या आगळात तर नसतंच, त्यात मीठ असतं. यंदाचं आगळ तयार आहे, लिटरची बाटली, कोणाला हवं असेल तर पर्सनलवर सांगा.

वर्षा: माझ्या दोन.

नेने काका: आगळ माझी एक. आणि लिफ्टच्या एएमसीचं काय झालं?

सुर्वे, सेक्रेटरी: काका, लिफ्टवाला शुक्रवारी येऊन गेला. त्याने पाठवलेला फोटो टाकतो. कंट्रोल पॅनलमधले रिलेचे पॉइंट हिरवे पडलेत बघा, तांब्याच्या पट्टीवर शेवाळासारखा थर. महिन्यात हे दुसऱ्यांदा.

मंजिरी पाटणकर: लिफ्टची मशीन रूम कुठे आहे? टाकीच्या बाजूला. ॲसिड कुठे उकळतं? टाकीच्या मागे. दुपारी समुद्रावरून वारा आला की सगळं सरळ मशीन रूमच्या जाळीतून आत.

संदेश शिर्के: आता लिफ्ट पण आमच्यावर ढकला. २०१९ पासून अडकते ती. खाऱ्या हवेने गंजते, माझी बाईक पण गंजली, ती पण ओंकारने गंजवली का? मशीन रूमचं दार दोन पावसाळे मोडलेलं आहे, त्याचं इस्टिमेट कोणी दाबून ठेवलं ते पण लिहा ग्रुपवर.

सुर्वे, सेक्रेटरी: इस्टिमेट दाबलेलं नाही, सभेला कोरम झाला नाही.

प्रथमेश: कोरम झाला नाही कारण लिफ्ट बंद होती.

दामले सर: खरं सांगायचं तर दोन्ही कारणं असू शकतात. खारी हवा वर्षभर आहेच, पण हायड्रोक्लोरिकची वाफ जवळ असली की लोखंड, तांबं कितीतरी लवकर जातं. कोणाचं किती हे आता फोटोवरून कोणी सांगू शकणार नाही.

मयेकर काका: ता निळा पाणी खंय ओतलंस ता सांग पयला. तिसऱ्यांदा विचारतंय.

ओंकार शिर्के: काका, दोन कॅन आहेत ते तसेच आहेत. पहिल्यांदा केलेलं थोडं होतं, ते पाणी घालून गच्चीच्या नळीत सोडलं. साधारण अर्धी बादली.

मंजिरी पाटणकर: कुठल्या नळीत???

वर्षा: गच्चीची ती कोपऱ्यातली नळी ना? ती बागेत उतरते हो, विहिरीपासून दहा पावलांवर.

मयेकर काका: हां. ह्याच मी विचारी होतंय. जांभ्याचा दगड, चाळणीसारखो. वर ओतशीत ता खाली येतला. मे महिन्यात टँकर बंद पडलो की ह्याच विहिरीचा पाणी सगळे पितत. लोटे एमआयडीसीच्या पाण्यावर मोर्चाक जातत आणि आपल्या विहिरीवर गप.

रेश्मा काझी: टँकरवाल्यांना आजच सांगून ठेवू. तोपर्यंत विहिरीचं पाणी पिण्यात नको, भांडी-कपड्याला चालेल का सर?

दामले सर: रिपोर्ट येईपर्यंत नकोच. पाण्याची तपासणी करून घ्या, तांबं, शिसं, निकेल आणि आम्लता असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर ते नुसते जंतू बघतात. आणि अर्धी बादली म्हणजे विहीर गेली असं लगेच नाही, पण शिसं आहे, अंदाजावर सोडायचं नाही.

वर्षा: त्या दोन कॅनमध्ये ब्लीचिंग पावडर टाकून संडासात ओतून टाकू का? आमच्याकडे पावडर आहे.

दामले सर: अजिबात नाही!! ॲसिडमध्ये ब्लीचिंग पडली की क्लोरीन सुटतो. सेप्टिक टँकमध्ये पण नको, तांब्याने तिथले जंतू मरतात आणि मग टँक तुंबतो. आणि ओंकार, कॅनचं झाकण घट्ट आवळलेलं असेल तर उघडायला वाकू नकोस, आत गॅस धरतो. उद्या सकाळी मी येतो, बी विंगचे जिने चढून, सावकाश.

नेने काका: बघा. लिफ्ट.

प्रथमेश: बरं पण सोनं निघालं का ते कोणी विचारलंच नाही.

ओंकार शिर्के: निघालं. टाकणखार घालून वितळवलं. सराफाने मशीनवर ठेवून बघितलं, पाऊण ग्रॅमला थोडं कमी, त्यात पण तांबं राहिलंय म्हणाला. बिल मागितलं त्याने, बिल नाही म्हटल्यावर परत दिलं.

प्रथमेश: आणि ॲसिड, शेगडी, वीज धरून खर्च?

ओंकार शिर्के: जास्त.

संदेश शिर्के: त्याला शिकायचं होतं.

दामले सर: हात चांगला आहे मुलाचा, नाहीतर पहिल्याच वेळी भुकटी पण हाती लागत नाही. पण संदेशराव, ह्यात पैसा गाळण्यात नाहीये, निवडण्यात आहे. जुन्या काळी झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचे आणि धुवून सोनं काढायचे, सोनार स्वतः धूत बसायचा नाही. तसं ह्याने रॅम वेगळी, प्रोसेसर वेगळे, मदरबोर्ड वेगळे, पॉवर सप्लाय वेगळे, बॅटऱ्या एकदम बाजूला असं लावून दिलं तर नोंदणी असलेले रिसायकलर किलोमागे बरा भाव देतात. १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांत केंद्राच्या प्रदूषण मंडळाकडे नोंदणी असल्याशिवाय हे गाळणं करताच येत नाही. बेल्जियममध्ये होबोकेनला आख्खे बोर्ड भट्टीत घालतात, तांब्याशिशात सोनं, चांदी, पॅलेडियम सगळं उतरतं, धूर पकडायलाच केवढी यंत्रणा. आपल्याकडे काय, टाकीची भिंत.

मंजिरी पाटणकर: सर तुमच्या शब्दाखातर मी पोलिसांत जात नाही. पण आईंच्या औषधांचे पैसे आणि लिफ्टचे रिले शिर्क्यांनी द्यायचे.

संदेश शिर्के: औषधाचे देतो, वहिनी. त्याबद्दल माफ करा, आईंना मी संध्याकाळी येऊन भेटतो. लिफ्टचे अर्धे. दाराचे सोसायटीने.

सुर्वे, सेक्रेटरी: हे सभेत ठरेल. रविवारी सकाळी दहा. तोपर्यंत गच्चीची चावी वॉचमनकडे, सही करूनच मिळेल. पाण्याच्या तपासणीचे पैसे सिंकिंग फंडातून.

नेने काका: सिंकिंग फंडातून नाही चालणार, ऑडिटर काढेल.

मयेकर काका: कॅन खंय न्हेतलास?

दामले सर: तळोज्याला घातक कचऱ्याची सोय आहे, पण दोन कॅनसाठी ते इथे येणार नाहीत. माझा एक विद्यार्थी एमआयडीसीत आहे, त्यांचा माल तिकडे जातोच. त्याच्याशी बोलतो. सोय होईपर्यंत कॅन सावलीत, फरशीवर, खाली प्लास्टिकचं टब. पाण्याच्या टाकीपासून लांब.

ओंकार शिर्के: ठेवतो सर. बाकीचे बोर्ड मी वेगळे करून विकतो. कोणाकडे जुने मोबाईल, लॅपटॉप पडून असतील तर मला द्या, त्यातलं मिळेल ते लिहून ठेवीन.

प्रथमेश: एका मोबाईलमध्ये सोनं किती रे?

ओंकार शिर्के: तीसेक मिलिग्रॅम. तोळ्याला तीनशेच्या वर मोबाईल लागतात.

वर्षा: मोबाईल नाहीये पण आमच्याकडे जुना मोठा टीव्ही आहे, मागे डबा असलेला. तो घेऊन जा बाबा, गॅलरी अडलीये.

ओंकार शिर्के: तो नको काकू. त्याच्या काचेत शिसं असतं, त्याचे कोणी पैसे देत नाही, उलट आपल्यालाच द्यावे लागतात.

वर्षा: म्हणजे सोनं तेवढं तुझं आणि शिसं आमचं होय?

सुर्वे, सेक्रेटरी: वर्षाताई, टीव्ही जिन्याखाली ठेवू नये. मागच्या वेळचा दंड अजून भरलेला नाही.