अनुभव धागा: इन्स्ट्रुमेंटेशनची अप्रेंटिसशिप कुठे केलीत, कोणी शिकवलं?

चार_ते_वीस
रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो, पाइप रेंच मिळतोय का बघायला. पंख्याच्या मोटारी आणि सायकलच्या डायनॅमोंच्या ढिगात एक गोल चार्ट रेकॉर्डर पडलेला, म्हणजे फिरत्या कागदावर पेनने तापमान-दाब नोंदवणारा डबा. काच तडकलेली, पेनच्या टोकाला जांभळी शाई वाळून घट्ट झालेली. विकणारा म्हणे, "घ्या साहेब, जुनं घड्याळ आहे, नुसते काटे टाकायचे." घेतला नाही, पण तिथून पाय निघेना. बायको पुढे निघून गेली.

आमची सकाळच या डब्यांनी उजाडायची. पिंपरीतली औषधांची कंपनी, नव्वदच्या आसपासची गोष्ट. खातं इन्स्ट्रुमेंट, म्हणजे प्लांटमधली दाब-तापमान मोजणारी यंत्रं सांभाळायची. फर्स्ट शिफ्टला आलं की पॅनेलवरचे सगळे चार्ट बदलायचे. कालचा काढायचा, मागे तारीख आणि टॅग नंबर (त्या यंत्राचा ओळख नंबर) लिहायचा, नवा बसवून पेनचं टोक बरोबर चालू वेळेच्या रेषेवर आणायचं. चार्ट २४ तासांत एकच फेरा मारतो, त्यामुळे बसवताना जरा सरकला की बॅचच्या कागदात खोटी वेळ. मग शाई भरायची. ती बोटांवरून लवकर जात नाही. कँटीनचे मामा बोटं बघूनच "इन्स्ट्रुमेंट का? घ्या, उसळ घ्या अजून" म्हणायचे.

प्लांट सगळा हवेवर. सिग्नल म्हणजे ३ ते १५ पीएसआय हवेचा दाब. आताच्या पोरांना खरं वाटत नाही की टाकीचं तापमान तांब्याच्या नळीतून हवेच्या दाबाने कंट्रोल रूमपर्यंत यायचं. आमचे फोरमन काका पाना हातात देतच नसत. वही-पेन्सिल द्यायचे आणि म्हणायचे, ही नळी व्हॉल्व्हपासून धर, पॅनेलपर्यंत चालत जा, मध्ये काय काय लागलं ते काढून आण. ट्रेवर सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात. रॅकवर चढा, भिंतीपलीकडे जा, हरवली की परत मागे या. अख्खा पावसाळा तेच. राग यायचा. पण पुढे रात्री दोनला ऑपरेटरने फोनवर नुसता टॅग नंबर सांगितला, की कुठल्या जिन्याने चढायचं ते डोकं जागं व्हायच्या आधी पायांना कळायचं.

तर मंडळी, लिहा. कुठे लागलात, पहिल्यांदा हातात काय दिलं?

शून्य_स्पॅन
आमचे अण्णा होते. डेड वेट टेस्टर म्हणजे वजनांनी नेमका दाब तयार करून गेज तपासायचं यंत्र. त्यावर वजनं ठेवली की ती हलकेच फिरवायला लावायचे आणि फिरत असतानाच गेज वाचायचा, नाहीतर पिस्टन अडखळतो आणि रीडिंग चुकतं. गेजवर टिचकी मारायची ती बोटाने, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नाही. ०, २५, ५०, ७५, १०० टक्के आणि मग तसंच उलट खाली. चढताना आणि उतरताना अगदी तेच आकडे लिहून आणले की अण्णा वही परत करायचे: "खुर्चीत बसून भरलंय. गेज इतका सज्जन नसतो." पुढे ऑडिटला बसायला लागलो तेव्हा खोटे रिपोर्ट ओळखायला मला हेच एक वाक्य पुरलं.

मिनी_माऊ
मी या लाइनमधली नाही, बाबा होते. घरी कुकरची शिट्टी अडकली की सेफ्टी व्हॉल्व्हवर व्याख्यान, गीझर जास्त तापला की थर्मोस्टॅटवर. आईने एकदा विचारलं, भात कधी होणार तेवढं सांगा.

शून्य_स्पॅन
😂 आई बरोबर बोलल्या.

गावाकडचा_गणू
मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. बार्शीहून आलो, आयटीआय झालं होतं. भोसरीत कॉट बेसिसवर राहायचो. एका कॉटवर दोघं, तो नाइट करून आला की मी उठायचं. उशी मात्र स्वतःची. रविवारी दोघांनाही सुट्टी असली की वांधे, एक जण सतरंजीवर. तीस वर्षं झाली, त्याच्या मुलीच्या लग्नाला आत्ता जाऊन आलो.

पहिलं काम म्हणाल तर साबणाचं पाणी. बाटली आणि ब्रश. प्रत्येक जॉइंटला लावायचं, बुडबुडा आला की खडूची खूण. आमचे मिस्त्री तर नुसता कान जवळ नेऊन सांगायचे गळतंय म्हणून. कंप्रेसरच्या त्या आवाजात! आणि फेरूल फिटिंग (नळीवर कडी आवळून बसणारा जॉइंट) हाताने घट्ट करून मग पान्याने सव्वा फेरा, बास. जास्त आवळलं की ते म्हणायचे, ताकद तालमीत दाखव.

कासारवाडी_लोकल
भोसरीचं नाव काढलंत. मेट्रोने स्टेशनला आधी नाव दिलं भोसरी आणि स्टेशन नाशिक फाट्यावर! आमच्या काळी हा घोळ नव्हता. लोणावळा लोकलने कासारवाडीला उतरायचं आणि तिथून पुढे पीसीएमटी (पिंपरी-चिंचवडची बस) आली तर आली, नाहीतर चालत. पंचिंगला पाच मिनिटं उशीर झाला की टाइम ऑफिसवाला असा बघायचा जणू कंपनी त्याच्या सासऱ्याची आहे.

गावाकडचा_गणू
२००७ ला पुण्याची पीएमटी आणि पीसीएमटी एक झाली, पण थांब्यावर वाट बघणं काही कमी झालं नाही.

मुकाट_वाचक
फक्त वाचतोय. चालू द्या.

प्राजक्ता_के
डिप्लोमा करून २०१२ ला कुरकुंभच्या एका केमिकल प्लांटमध्ये. बॅचमध्ये मी एकटी मुलगी. माझ्या मापाचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नव्हते, ते येईपर्यंत पुढे कापसाचे बोळे कोंबून मोठे बूट घालून फिरले. लेडीज टॉयलेट फक्त ॲडमिन बिल्डिंगमध्ये, प्लांटच्या पार दुसऱ्या टोकाला. पाणी कमी प्यायचे, मे महिन्यात. हे कोणाला सांगायचं हेच कळायचं नाही. शेवटी एका सिनियर काकांनी आपणहून साहेबांकडे विषय काढला आणि लॅबच्या शेजारी सोय झाली.

त्याच काकांनी पहिल्या दिवशी थर्मोकपलची (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी) केबल पुढ्यात टाकली, पिवळी आणि लाल. म्हणाले, प्लस कुठली? सगळ्यांनी लाल सांगितली. मग लाल प्लसला धरून ती मिलिव्होल्ट मीटरला जोडली आणि तारांचं जंक्शन मुठीत धरायला लावलं. आकडा निघाला मायनसमध्ये. अमेरिकन कलर कोडमध्ये थर्मोकपलची लाल वायर निगेटिव्ह असते, हे पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते.

तिखटजाळ
टॉयलेटचं वाचून वाईट वाटलं. आणि आपण अजून "मुली कोअर इंडस्ट्रीत का येत नाहीत" यावर चर्चासत्रं घेतोय.

लूपचेक
प्राजक्ता, हे वाचून आठवलं. एका नव्या प्लांटच्या कमिशनिंगला (पहिल्यांदा चालू करताना) आम्हा अप्रेंटिसना वॉकीटॉकी देऊन फील्डमध्ये उभं केलं होतं. स्टीमचा एक फ्लो काही केल्या जुळेना. कंट्रोल रूममध्ये ७० टक्के, बॉयलरवाला म्हणतो निम्मीसुद्धा स्टीम देत नाही. प्रोसेसवाले आमच्यावर, आम्ही ओरिफिस प्लेटवर (फ्लो मोजायला लाइनमध्ये बसवलेली भोकाची चकती), मेकॅनिकलवाले सगळ्यांवर. प्लेट उलटी बसली असेल म्हणून लाइन खोलायची तयारी झाली. तेवढ्यात आमचा सिनियर, गडी कमी बोलणारा, हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरची सेटिंग बघायचं हातातलं यंत्र) घेऊन गेला आणि हसत परत आला.

प्लेटच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या डीपी ट्रान्समीटरमध्ये फ्लो काढायचं वर्गमूळ चालू होतं आणि सिस्टीमवाल्यांनी तिकडेही लावलं होतं. खरा फ्लो ५० टक्के असताना दाबातला फरक २५ टक्केच येतो. त्याचं मूळ ट्रान्समीटरने काढलं, ५०. त्या ५० चं परत काढलं, ७०.७. एक टिकमार्क काढला, भांडण संपलं. १०० टक्क्यांना आणि शून्याला दोन्हीकडे बरोबरच दिसतं, म्हणून लूप चेकमध्ये (फील्डपासून कंट्रोल रूमपर्यंत सिग्नल तपासताना) कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मधले पॉइंट चेकच केले नव्हते.

चार_ते_वीस
लूपचेक, वा! म्हणूनच ते २५-५०-७५. शून्य_स्पॅन यांच्या अण्णांना दाखवा हे.

चाकणचा_पोरगा
मी सध्या अप्रेंटिस आहे. तुमचं वाचून हेवा वाटतो. आम्हाला ना काका ना अण्णा. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि उभं केलंय पॅकिंग लाइनवर, खोके चिकटवायला. कॅलिब्रेशन (मीटर बरोबर दाखवतोय का ते तपासणं) बाहेरची एजन्सी येऊन करते, आम्ही लांबून बघायचं. वर माणसं कमी आहेत म्हणून रोज दोन तास थांबवतात. काही बोललं की "सर्टिफिकेट पाहिजे ना?"

तिखटजाळ
अरे देवा. स्टायपेंड तरी वेळेवर देतात का?

चाकणचा_पोरगा
हो ते येतं.

दादा_एचआर
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, शिव्या घालू नका. बाळा, अप्रेंटिसेस ॲक्ट १९६१ नुसार तू ट्रेनी आहेस, कामगार नाहीस. कंपनीने तुला तुझ्या ट्रेडचं ट्रेनिंग देणं हाच करार आहे. आणि अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घ्यायचा तर सरकारी अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची मंजुरी लागते, सुपरवायझरच्या मर्जीचा तो विषय नाही. पहिलं काम, अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवरून स्वतःच्या कराराची प्रत उतरवून घे. दुसरं, रोज काय केलं ते लॉगबुकमध्ये खरं लिही, "पॅकिंग" तर "पॅकिंग". सही करताना साहेबच विचारात पडेल. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआयवाल्यांना किमान ७०००, डिप्लोमाला ८००० आणि पदवीला ९००० ठरले, तेही ताडून बघ. एकट्याने साहेबाकडे जाऊ नकोस, बॅच मिळून लेखी द्या.

गावाकडचा_गणू
दादा, तुमच्यासारखे एचआर आमच्या वेळी कुठे होते हो?

दादा_एचआर
तेव्हा पर्सोनेल म्हणायचे आणि मी शाळेत होतो.

प्राजक्ता_के
चाकणचा पोरगा, एजन्सीवाले येतात ना, त्यांच्यासाठी हॅंडपंप (तपासताना दाब द्यायचा) उचलायला पुढे हो. मदतनीस सगळ्यांनाच हवा असतो. थ्री-व्हॉल्व्ह मॅनिफोल्ड (डीपी ट्रान्समीटरआधीचे तीन व्हॉल्व्ह) कुठल्या क्रमाने बंद करतात ते बघ आणि का ते विचार. स्टीमवर मधला इक्वलायझर आणि बाजूचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले, तर साठलेलं पाणी निघून जातं आणि गरम वाफ थेट ट्रान्समीटरवर. हे बघितल्याशिवाय इंटरव्ह्यूला जाऊ नको.

शून्य_स्पॅन
आणि ट्रान्समीटरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँप, तर "४ पासून का, ० पासून का नाही" हे पण विचारतात. वायर तुटली तर ०, टाकी रिकामी असेल तर ४. शिवाय टू-वायर ट्रान्समीटरला वेगळा सप्लाय नसतो, तो त्याच ४ वर जगतो, हे दुसरं अर्ध बरेच जण विसरतात.

मिनी_माऊ
अवांतर: खंडेनवमीला बाबा मल्टीमीटरला झेंडूचं फूल वाहायचे. हळदीकुंकू डायलच्या फटीत जायचं आणि मग वर्षभर बाबा टोकदार ब्रशने ते काढत बसायचे. तुमच्याकडे कोणी करतं का?

लूपचेक
आमच्याकडे लॅपटॉपला हार घालतात. कीबोर्डवर अक्षता.

चाकणचा_पोरगा
धन्यवाद सगळ्यांना. प्रत उतरवली. त्यात ट्रेड बरोबर लिहिलाय. उद्या बॅचमधल्या बाकीच्यांना दाखवतो, दोघं घाबरतायत जरा. प्राजक्ताताई, हॅंडपंपचं पुढच्या वेळी करतो.

चार_ते_वीस
व्यनि (खाजगी निरोप) केलाय रे, चाकणकर. शनिवारी सुट्टी असेल तर नाशिक फाट्याला भेट. घरी जुना प्रेशर ट्रान्समीटर आणि २४ व्होल्टचा सप्लाय पडून आहे, टेबलावर लूप लावून दाखवतो. मल्टीमीटर आहे का तुझ्याकडे?

चाकणचा_पोरगा
कंपनीचा आहे काका, गेटबाहेर नेता येत नाही.

चार_ते_वीस
नको आणू, माझा आहे. मिसळ तुझ्याकडून.

दादा_एचआर
स्टायपेंडवाल्याकडून मिसळ? काका, हे पोर्टलवर कळवू का? 😄

कासारवाडी_लोकल
मिसळ कुठली ते आधी सांगा, पुणेरी असेल तर मी येत नाही.