स्लेटचे छप्पर किमतीच्या स्पर्धेत टिकावे यासाठी नेमके काय बदलता येईल?

प्रश्न : पागोळी

चांगल्या प्रतीच्या नैसर्गिक स्लेटचे, म्हणजे पातळ पाट्यांत फुटणाऱ्या दगडाचे, छप्पर शंभर वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकते, याबद्दल फारसे दुमत नाही. वेल्समधील खाणींतून एकोणिसाव्या शतकात निघालेल्या पाट्या आजही अनेक इमारतींवर शाबूत आहेत, आणि इमारत पाडली तर त्या उतरवून दुसरीकडे पुन्हा चढवल्याही जातात. असे असूनही नवे घर बांधणारे बहुतेक जण स्लेटचा विचार करत नाहीत, कारण डांबरी शिंगल, काँक्रीटची कौले किंवा पत्रा यांच्या मानाने सुरुवातीलाच हातची जाणारी रक्कम फार मोठी असते.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे 'दीर्घकाळाचा हिशेब करा'. तो हिशेब मी करून पाहिला आणि तो वाटतो तितका स्लेटच्या बाजूने जात नाही. समजा, स्वस्त छपराचा खर्च १ धरला आणि ते दर २५ वर्षांनी बदलावे लागले, तर शंभर वर्षांत ते चार वेळा घालावे लागेल. पण पुढचा खर्च आजच्या किमतीत मोजताना वर्षाला ५ टक्के कसर (म्हणजे पुढच्या रकमेतली दरवर्षाची घट) धरली, तर चारही वेळांची बेरीज जेमतेम १.४१ भरते. कसर २ टक्के धरली तर ती २.२१ होते. जुने छप्पर उतरवणे, त्याची विल्हेवाट आणि परांची पुन्हा बांधणे हा खर्च यात धरलेला नाही, तो धरला तर आकडा वाढेल. तरीही स्लेट तिप्पट-चौपट महाग असेल, तर केवळ आयुष्याच्या जोरावर ती हिशेबात बसत नाही. म्हणजे सुरुवातीचाच खर्च खाली यायला हवा.

माझा प्रश्न असा, की खाणीपासून आढ्यापर्यंतच्या या साखळीत खर्च नेमका कुठे साचतो, आणि आयुष्याला धक्का न लावता तो कुठे कमी करता येतो? पाटी पातळ करावी, की बसवण्याची पद्धत बदलावी, की यंत्रांनी खाणीतलीच मजुरी कमी करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : खाणकाम

मूळ दगड महाग नाही. महाग पडते ती निवड. छपराच्या स्लेटच्या अनेक खाणींत काढलेल्या दगडापैकी ९० टक्क्यांहून अधिक दगड टाकून द्यावा लागतो, आणि जी थोडी पाटी विकली जाते तिच्या किमतीत या सगळ्या टाकाऊ ढिगाचा खर्च बसलेला असतो. त्यामुळे उपयोगी दगडाचे प्रमाण थोडेसे वाढले तरी त्याचा परिणाम मोठा होतो. शंभर टनांतून पाच टनांऐवजी सात टन पाटी निघाली, तर खोदाईचा प्रत्येक टनावरचा भार जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो.

हे प्रमाण वाढवण्यात आजवर सर्वांत जास्त उपयोग झाला तो हिऱ्याच्या मण्यांच्या तारेचा. सुरुंग लावला की धक्क्याने दगडात दूरवर बारीक तडे जातात आणि ते फोडणाऱ्याच्या हातात ठोकळा आल्यावरच कळतात. तारेने कापलेला ठोकळा आतून अखंड राहतो. ज्या खाणी अजून सुरुंगावर अवलंबून आहेत, तिथे पहिला बदल हाच असावा. त्याच्या आधी जमिनीखालील सांधे आणि भेगा यांचा नकाशा तयार करून, कापण्याची दिशा दगडाच्या नैसर्गिक चिरेला (ज्या पातळीत तो सहज फुटतो तिला) धरून ठरवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

पाट्या सुट्या करण्याचे काम मात्र यंत्राकडे पूर्णपणे सोपवता येईल असे मला वाटत नाही. कुशल कारागीर ओला ठोकळा घेतो, रुंद छन्नी बरोबर मध्यावर धरतो आणि त्याचे दोन समान भाग करतो. मग त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन. दोन्ही बाजूंची जाडी सारखी असली तरच फूट सरळ जाते, नाहीतर ती पातळ बाजूकडे पळते आणि पाटी अर्ध्यात तुटते. फूट कशी चालली आहे हे त्याला छन्नीवरच्या दाबातून आणि आवाजातून कळते, आणि तो त्या क्षणी दाब बदलतो. यंत्राचे पाते एकाच जोराने आत जाते. म्हणून ठोकळे उचलणे, करवतीने मापात कापणे, कडा तासणे आणि जाडीनुसार वर्गवारी करणे ही कामे यंत्राने करावीत आणि कारागिराच्या हाती फक्त फोडणे ठेवावे, ही विभागणी मला सर्वांत फायद्याची वाटते. ठोकळे वाळू न देणे ही बिनखर्चाची बाब आहे, कारण वाळलेला दगड नीट फुटत नाही. तरीही कामाच्या गडबडीत तिकडे दुर्लक्ष होते.

टाकाऊ दगडाबद्दल थोडक्यात सांगतो. त्याची खडी होते, भुकटी डांबरी पदार्थांत भरण म्हणून जाते, आणि काही जातींची स्लेट भट्टीत साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या वर तापवली की फुगून हलकी खडी तयार होते. यातून उत्पन्न मिळते, पण या मालाला वजनाच्या मानाने किंमत कमी असल्याने वाहतुकीतच नफा संपतो. गिऱ्हाईक जवळ असेल तरच त्यावर भिस्त ठेवावी.

उत्तर : वासे आणि रिपा

खाणीविषयी वर लिहिले आहे ते पटते, पण माझ्या मते सर्वांत मोठी संधी छपरावरच्या भूमितीत आहे, आणि ती अनेकदा घर आखणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

स्लेटमध्ये पाणी अडवणारी खाच नसते. दोन पाट्यांच्या मधल्या सांध्यातून पाणी खाली उतरतेच, म्हणून त्याखाली दुसरी पाटी हवी आणि तिच्या वरच्या टोकावर तिसऱ्या ओळीची पाटी थोडी चढलेली हवी. या तिसऱ्या ओळीच्या चढलेल्या भागाला इथे 'चढ' म्हणू. पाटीच्या लांबीतून चढ वजा करून उरलेल्याचे निम्मे केले, की प्रत्येक ओळीचा उघडा राहणारा भाग मिळतो. ५०० मिमी लांब पाटीला १०० मिमी चढ दिला तर उघडा भाग २०० मिमी राहतो, म्हणजे छपराच्या क्षेत्रफळाच्या अडीचपट स्लेट लागते. हाच चढ ठेवून ३०० मिमी लांब पाटी घेतली, तर उघडा भाग १०० मिमी आणि स्लेट तिप्पट.

याचा मजुरीवर होणारा परिणाम त्याहून मोठा आहे. ५०० गुणिले २५० मिमी मापाच्या पाट्या एका चौरस मीटरला २० लागतात. ३०० गुणिले २०० मिमीच्या ५० लागतात. प्रत्येक पाटीला दोन खिळे धरले तर ४० विरुद्ध १०० खिळे. रिपाही (पाट्या ज्यांवर ठोकतात त्या आडव्या पट्ट्या) पहिल्या छपराला चौरस मीटरमागे ५ मीटर, तर दुसऱ्याला १० मीटर. लहान पाटी खाणीतून स्वस्त मिळते म्हणून ती घेणारा माणूस छपरावर तो पैसा आणि त्याच्या वर आणखी काही घालवून बसतो. पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, मोठे आणि सरळ असेल, तर मोठीच पाटी घ्यावी.

दुसरी बाब उताराची. चढ किती द्यायचा हे उतारावर ठरते: मंद उतारावर १०० मिमी लागतो, मध्यम ते उभ्या उतारावर ७५ मिमी चालतो आणि फार उभ्या छपरावर ५० मिमीही पुरतो. त्यामुळे घराचा नकाशा कागदावर असतानाच उतार थोडा वाढवला, तर पाखे मोठे होऊनही पाट्यांच्या संख्येत काही भरपाई होते आणि पाणी लवकर निघून जाते. त्याच वेळी पन्हळी (दोन पाखी आतल्या बाजूला मिळतात त्या जागा), कोनवासे (ती बाहेरच्या बाजूला मिळतात तिथले तिरके वासे) आणि छोट्या खिडक्यांची छपरे कमी ठेवली, तर जी बचत होते तिची तुलना दुसऱ्या कशाशीही करता येणार नाही. सपाट पाख्यावर कारागीर झपाट्याने पुढे सरकतो. दोन पाखी जिथे मिळतात तिथे मात्र प्रत्येक पाटी तिरकी कापावी लागते आणि खाली धातूचा पत्रा वाकवून बसवावा लागतो.

तिसरी बाब आज जवळजवळ विस्मरणात गेलेली आहे. पूर्वी धान्याची कोठारे शाकारताना एका ओळीतल्या शेजारच्या दोन पाट्यांमध्ये मुद्दाम फट ठेवत. वरच्या उदाहरणात ६० मिमीची फट ठेवली तर २० ऐवजी सुमारे १६ पाट्या लागतात. पाटी ५ मिमी जाडीची असेल तर चौरस मीटरमागे साधारण ३५ किलोऐवजी २८ किलो भार येतो. फटीच्या दोन्ही बाजूंना खालची पाटी ९५ मिमी राहते, आणि उभ्या उतारावर ती पुरते. वाऱ्याबरोबर आडवा पाऊस किंवा भुरभुरते बर्फ येते अशा जागी मी याची शिफारस करणार नाही, आणि खाली चांगले अस्तर हवेच. पण जिथे उतार उभा आहे आणि जागा आडोशाची आहे, तिथे पाचव्या हिश्श्याची बचत विनासायास होते, शिवाय पुढे कधी फटी बुजवून पूर्ण छप्पर करायचे ठरले तर ते जुन्याच पाट्यांत थोडी भर घालून करता येते.

पागोळी

हा हिशेब फार उपयोगी आहे, मनापासून आभार. यावरून आणखी एक शंका येते. हल्ली पाट्यांच्या प्रत्येक ओळीखाली प्लॅस्टिकची पट्टी सरकवून चढ कमी करण्याच्या पद्धती निघाल्या आहेत, ज्यांत स्लेट जवळजवळ एकेरी बसते आणि वजनही बरेच घटते. सांध्यातले पाणी ती पट्टी अडवणार असेल, तर अडीचपट स्लेट वापरण्याचे कारण उरत नाही. ही दिशा योग्य नाही का? आणि खिळ्यांऐवजी आकड्या वापरल्या तर मजुरी कमी होते का?

उत्तर : शाकारणी

पट्टीबद्दल आधी लिहितो, कारण त्यात धोका आहे. अशा छपराचे आयुष्य स्लेटचे राहत नाही, ते पट्टीचे होते. पट्टीवर ऊन फक्त सांध्याच्या फटीतून पडते हे खरे, पण नेमके पाणीही तिथूनच येते, म्हणजे जिथे तिची गरज आहे तिथेच ती आधी झिजते. शिवाय ती बदलायची तर वरच्या सगळ्या पाट्या उतरवाव्या लागतात. शंभर वर्षांचा दगड आणि त्याच्याखाली त्याच्या अर्ध्याही आयुष्याची हमी नसलेली पट्टी, हा सौदा मला पटत नाही. पट्टी टिकाऊ धातूची असेल आणि पाटी कुठेही चिकटवलेली नसेल, तर विचार करण्याजोगे आहे. चिकटवलेली पाटी मात्र पुन्हा कधीच अखंड निघत नाही आणि जुन्या पाट्यांना जी किंमत येते तीही बुडते.

आकड्यांचे तसे नाही. स्पेनच्या गॅलिसिया आणि कॅस्टिया-लिऑन भागांत जगातली सर्वांत जास्त छपराची स्लेट निघते, त्यातली बरीच फ्रान्समध्ये जाते आणि तिथे ती पोलादी आकड्यांवर बसवण्याची रीत रुळलेली आहे. पाटीला भोक पाडावे लागत नाही, दोन खिळ्यांच्या जागी एकच आकडी लागते, खालची कड धरलेली असल्याने वाऱ्याने पाटी उचलली जात नाही आणि तुटलेली पाटी काही क्षणांत बदलता येते. पातळ पाटीला हे विशेष मानवते, कारण ती बहुधा भोकापाशीच तडकते. आकडी गंजरोधक पोलादाचीच हवी, आणि समुद्राजवळ त्यातही उच्च प्रतीची. आकडीचा दांडा सांध्यात बसत असल्याने त्याच्या कडेने पाणी वर ओढले जाते; हे टाळण्यासाठी नागमोडी दांड्याच्या आकड्या मिळतात, त्या घ्याव्यात. जिथे बर्फाचे थर घसरतात तिथे आकड्या वाकून उघडतात, म्हणून तिथे खिळेच बरे.

खिळे वापरायचे तर तांब्याचे वापरा. जुन्या छपरांवरून घसरून पडलेल्या पाट्या उचलून पाहिल्या तर बहुतेक वेळा दगड धडधाकट असतो आणि भोकाभोवती गंजाचा डाग असतो. म्हणजे छप्पर खिळ्यांमुळे गेलेले असते. एकूण खर्चात खिळ्यांचा वाटा इतका लहान आहे की तिथे काटकसर करण्यात काहीच अर्थ नाही.

कामाची गती वाढवायची असेल तर पाट्या वर चढवण्याआधी जमिनीवरच जाड, मध्यम आणि पातळ असे तीन ढीग करावेत. जाड पाट्या वळचणीकडे आणि पातळ आढ्याकडे लावल्या की शेजारच्या पाट्या सारख्या बसतात आणि वर बसून जुळवाजुळव करण्यात वेळ जात नाही. ढीग करतानाच प्रत्येक पाटीवर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. भोक नेहमी मागच्या बाजूने पाडावे, म्हणजे पुढच्या बाजूला दगडाची खपली उडून खिळ्याचे डोके बसण्याइतका खळगा आपोआप तयार होतो. खाणीवरच भोके पाडून आलेला माल हे नीट पाळून आलेला असेल, तर छपरावरचा बराच वेळ वाचतो.

उत्तर : खाणकाम

पातळ पाटीचा मुद्दा राहिला होता. ५ मिमीऐवजी ४ मिमी पाटी घेतली तर दगड, वाहतूक आणि भार हे तिन्ही पाचव्या हिश्श्याने कमी होतात, पण हे फक्त उत्तम प्रतीच्या दगडाबाबत करावे, आणि ती प्रत चाचणीच्या कागदावरच पाहावी. अमेरिकेच्या एएसटीएम सी ४०६ या मानकात एस१ म्हणजे ७५ वर्षांहून अधिक, एस२ म्हणजे ४० ते ७५ आणि एस३ म्हणजे २० ते ४० वर्षे अपेक्षित आयुष्य. एस१ साठी पाणी शोषण्याची मर्यादा ०.२५ टक्के आहे. युरोपच्या ईएन १२३२६ मध्येही एस१, एस२, एस३ ही चिन्हे आहेत, पण ती सल्फर डायऑक्साइडच्या चाचणीची आहेत, आयुष्याची नाहीत. एका मानकाचा कागद दुसऱ्याच्या अर्थाने वाचून माल घेतला जातो, म्हणून कोणत्या मानकाचा एस१ आहे हे आधी विचारावे. कार्बोनेटचे प्रमाण जास्त आणि सोबत गंजणारा पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज), असा दगड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण पायराइटपासून होणारे आम्ल कार्बोनेटशी मिळून जिप्सम बनते, ते फुगते आणि पाटीचे पापुद्रे सुटू लागतात.

आणि भाराविषयी एक गोष्ट नोंदवतो. स्लेट जड असल्याने कैच्या आणि वासे महाग पडतात, असे सर्रास सांगितले जाते. चौरस मीटरमागे ३५ किलोचे स्लेटचे छप्पर काँक्रीटच्या कौलांपेक्षा बहुधा हलकेच असते, कारण ती साधारण ४० ते ५० किलो भरतात. जिथे काँक्रीटची कौले घालायची ठरलेली आहेत, तिथे स्लेटसाठी सांगाड्यावर वेगळा खर्च धरण्याचे कारण नाही, आणि अंदाजपत्रकात तो धरलेला दिसला तर तो काढून टाकायला सांगावे.