मदत हवी आहे: तीव्र उताराच्या, झाडीच्या जमिनीसाठी जुना ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

नमस्कार,

उताराच्या आणि दाट झाडीच्या जमिनीवर ज्यांनी स्वतः ट्रॅक्टर चालवला आहे, त्यांचे मार्गदर्शन मला हवे आहे. नवे यंत्र परवडणारे नसल्याने ट्रॅक्टर जुनाच घ्यायचा आहे. नांगरणी-पेरणीचा प्रश्न नाही. वादळात पडलेली झाडे आणि विरळणीतले ओंडके वाटेपर्यंत ओढून आणणे, झुडपे कापणे, झाडांमधून जाणारी वाट खडी पसरून चालती ठेवणे आणि लहान ट्रेलरमधून सरपण वाहणे, एवढीच कामे आहेत.

जमिनीचा उतार मी ठिकठिकाणी मोजला. बहुतेक भाग १२ ते १५ अंशांचा आहे. वरच्या अंगाचा पट्टा मात्र २० अंशांच्या, म्हणजे सुमारे ३६ टक्क्यांच्या, पुढे जातो. त्या पट्ट्यात ट्रॅक्टर न्यायचाच नाही, हे ठरलेले आहे. तेथील लाकूड, ट्रॅक्टर सपाट वाटेवर उभा करून, मागे बसवलेल्या विंचने, म्हणजे पोलादी दोर गुंडाळून ओझे ओढणाऱ्या यंत्राने, ओढायचे आहे. तीन-साडेतीन टन ओढीचा विंच २५ ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर चालतो, त्यामुळे फार मोठ्या इंजिनाची गरज मला दिसत नाही.

सध्या दोन ट्रॅक्टर नजरेसमोर आहेत. पहिला मॅसी फर्ग्युसन १३५ आहे: तीन सिलिंडरचे पर्किन्स इंजिन, सुमारे ४५ अश्वशक्ती, फक्त मागच्या चाकांना ओढ, ड्रम ब्रेक आणि ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी कोणतीही संरक्षक चौकट वर नाही. दुसरा कुबोटाच्या एल मालिकेतला, सुमारे ३० अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला, हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा (गिअर न बदलता, तेलाच्या दाबावर पेडलने गती कमी-जास्त होते असा) आणि दुमडता येणाऱ्या चौकटीचा आहे; पण तो बराच चाललेला आहे आणि त्याचे पुढचे दोन टायर नंतर बदललेले आहेत. पहिल्याचे इंजिन नुकतेच बांधलेले असून ते एका स्टार्टरमध्ये सुरू होते. भेटलेल्या बहुतेकांनी त्याच्याच बाजूने कौल दिला, कारण तो दणकट आहे, सुटे भाग सहज मिळतात आणि कोणताही मिस्त्री त्याला हात घालू शकतो. हे सगळे मला मान्य आहे. तरीही माझा कल दुसऱ्याकडे आहे, आणि तो का आहे हे सविस्तर मांडतो, म्हणजे विचारात कोठे चूक असेल तर ती दाखवता येईल.

मला सर्वांत मोठी काळजी आडव्या उताराची वाटते. जमीन १५ अंशांची आहे म्हणून ट्रॅक्टरही १५ अंशच कलेल, असे झाडीत होत नाही. मागच्या दोन चाकांमधले अंतर १२० सेंटीमीटर धरले आणि वरच्या बाजूचे चाक पालापाचोळ्याखाली दडलेल्या २० सेंटीमीटरच्या बुडख्यावर चढले, तर कल साडेनऊ अंशांनी वाढतो. त्याच क्षणी खालचे चाक १० सेंटीमीटरच्या खड्ड्यात उतरले, तर एकूण वाढ साडेचौदा अंशांच्या घरात जाते. म्हणजे १५ अंशांच्या, तशा सुसह्य वाटणाऱ्या उतारावर ट्रॅक्टर जवळजवळ ३० अंश कललेला असतो, आणि तोही चालता असताना, हिसक्यासह. शिवाय पुढचा आस मधल्या पिनवर झुलत असल्यामुळे ट्रॅक्टर कलू लागला की पुढची चाके सुरुवातीला काहीच आधार देत नाहीत. आस त्याच्या अडणीला, म्हणजे झुलणे थांबवणाऱ्या टोकाला, टेकेपर्यंत सगळा भार मागच्या चाकांच्या रुंदीवर असतो. या हिशेबामुळे बुटका बांधा आणि चाकांमधले अंतर मला अश्वशक्तीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते. मॅसीच्या मागच्या चाकांच्या डिस्क उलटसुलट बसवून अंतर वाढवता येते, हे त्याच्या बाजूचे आहे. मात्र माझी वाट अरुंद आहे, त्यामुळे किती वाढवता येईल यालाही मर्यादा आहे.

दुसरी बाब उतरतानाची. या दोन्ही ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्या चाकांनाच आहेत. भार घेऊन उतरताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि ओल्या पाल्यावर ती न फिरताच घसरू लागतात. चारही चाकांची ओढ जोडलेली असेल, तर मागचा ब्रेक आणि इंजिनाचा रोध दोन्ही पुढच्या आसापर्यंत पोचतात. म्हणून फोर-व्हील ड्राइव्हचा खरा उपयोग मला चढण्यापेक्षा उतरण्यासाठी दिसतो. मॅसीवर उतारात क्लच दाबला गेला की इंजिनाची पकड सुटते. हायड्रोस्टॅटिकमध्ये पाय उचलला की गती आपोआप कमी होते; मात्र रेंज (गतीचा टप्पा) लोमध्येच ठेवावी आणि उतारावर ती बदलू नये, एवढे पथ्य पाळावे लागते. यात आणखी काही धोका असल्यास अनुभवी चालकांनी अवश्य सांगावे.

चौकटीबाबत माझे मत पक्के आहे. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळपास नाहीसे झाले. ओंडका अडकून ट्रॅक्टर मागे उलटतो, तेव्हा चालकाला उडी मारण्याइतका वेळ मिळत नाही. म्हणूनच टोचन नेहमी ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या बाजूच्या खालच्या ओढदांडीलाच, करायचे, मागच्या आसाच्या वर कधीही नाही. मॅसीला चौकट बसवायची झाली, तर ती त्या मॉडेलसाठी चाचणी झालेलीच हवी. वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली चौकट मी बसवणार नाही, कारण ती भाराखाली कशी वाकेल हे कोणालाच ठाऊक नसते. कुबोटाची चौकट दुमडती असल्यामुळे खालच्या फांद्या आल्या की ती पाडून पुढे जाण्याचा मोह होणार, हे मला दिसते आहे. मी फांद्याच छाटणार आहे. चौकट उभी असेल तेव्हा सीटचा पट्टा लावायचा आणि दुमडलेली असेल तेव्हा लावायचा नाही, हा नियमही घरातील सर्वांना सांगून ठेवला आहे. ही चौकट वरून पडणाऱ्या फांदीपासून वाचवत नाही. त्यासाठी वेगळे मजबूत छत लागते, आणि या आकाराच्या ट्रॅक्टरवर ते कोणी बसवून घेतले आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

आता कुबोटाच्या टायरांविषयी, कारण खरी शंका येथेच आहे. फोर-व्हील ड्राइव्ह जोडल्यावर पुढची चाके मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के अधिक वेगाने फिरणे अपेक्षित असते. टायरचा घेर जुळत नसेल, तर ही वाढ बिघडते आणि ताण पुढच्या आसाच्या गिअरवर येतो. हे तपासण्याची एक रीत मला समजली आहे: सपाट, खडीच्या जागेवर मागच्या चाकाच्या १० फेऱ्यांत पुढचे चाक किती फिरते, ते आधी पुढची ओढ सोडून आणि मग जोडून मोजायचे. सोडलेल्या स्थितीत १६ फेऱ्या आणि जोडलेल्या स्थितीत साडेसोळा आल्या, तर वाढ सुमारे ३ टक्के झाली, म्हणजे टायर चालण्यासारखे आहेत. एवढ्यावर भरवसा ठेवावा, की पुढच्या आसाचे तेल काढून त्यात धातूचा कीस आहे का तेही पाहावे?

बाकीची तपासणी मी नेहमीप्रमाणे करणार आहे. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला लावणे, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किती धूर येतो ते पाहणे, गिअरबॉक्सचे तेल दुधट झाले आहे का ते बघणे, आणि वजन उचलून इंजिन बंद केल्यावर मागची हायड्रॉलिक लिफ्ट किती लवकर खाली बसते ते पाहणे. तासांच्या घड्याळापेक्षा पेडलची झीज मला अधिक खरी वाटते.

आणखी दोन गोष्टींवर मत हवे आहे. मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरल्याने वजन खालच्या पातळीवर वाढते, हे पटते; पण उतारावर वाढलेले तेच वजन उतरताना ट्रॅक्टरला पुढे ढकलते. अशा जमिनीवर पाणी भरणे हिताचे ठरले की चाकांना लोखंडी वजने लावणे? दुसरे असे की, मधोमध सांधा असलेले, चारही चाके सारख्या मापाची असलेले, अँटोनियो कारारो किंवा गोल्डोनी यांच्यासारखे बुटके ट्रॅक्टर मुळात उतारासाठीच बनवलेले असतात. जुन्यात असा एखादा मिळाला, तर हे दोन्ही सोडून त्याच्या मागे लागावे का? वळताना ट्रॅक्टर सांध्यात वाकला की त्याची स्थिरता कमी होते, असे वाचले आहे; प्रत्यक्षात ते कितपत जाणवते?

कुबोटा पुन्हा पाहायला जाणार आहे आणि मालकाने तो उतारावर चालवून पाहण्याची परवानगी दिली आहे. डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकची दोन्ही पेडल एकत्र जोडून उतरताना ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो का, हे मी पाहणारच आहे. त्याखेरीज, रिकाम्या ट्रॅक्टरवर कळणार नाही पण भार असताना हमखास उघडे पडेल, असे काय काय करून पाहावे?