टोकियोतलं ७५ किलोंवरचं सुवर्ण गंजझादेचंच होतं का?

निळी शाई

७ ऑगस्ट २०२१, टोकियोचं निप्पॉन बुडोकान. ऑलिंपिक कराटेत पुरुषांच्या ७५ किलोंवरील कुमितेची, म्हणजे समोरासमोरच्या लढतींच्या प्रकाराची, अंतिम लढत. सौदी अरेबियाचा तारेग हामदी इराणच्या सज्जाद गंजझादेपेक्षा ४-१ ने पुढे होता. तेवढ्यात हामदीची उंच लाथ गंजझादेच्या मानेजवळ बसली आणि तो जागीच बेशुद्ध पडला. ऑक्सिजनचा मास्क लावून त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. पंचांनी आपसांत चर्चा केली आणि हामदीला हान्सोकू दिलं, म्हणजे थेट अपात्र ठरवलं. आपण ऑलिंपिक विजेते झालोय हे गंजझादेला शुद्धीवर आल्यावर कळलं.

तेव्हापासून त्याचं नाव निघालं की 'आडवा पडून सुवर्ण मिळवलेला' एवढंच ऐकू येतं. मला ते मनापासून खुपतं. माझं मत स्पष्ट आहे : निर्णय बरोबर होता आणि ते सुवर्ण कुठल्याही 'पण'शिवाय त्याचं आहे.

जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत प्रौढ खेळाडूंना डोक्यावर, चेहऱ्यावर हलका, ताब्यातला स्पर्श चालतो. घशाला तोही चालत नाही. समोरच्याला बेशुद्ध करणं हे या खेळाचं उद्दिष्टच नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांच्यासाठी क्योकुशिनसारखे पूर्ण आघाताचे प्रकार आहेत. हामदी गुणांनी जिंकत होता, पण त्या एका क्षणी त्याचा पायावरचा ताबा सुटला. नियम पुढे असणाऱ्याला वेगळा आणि मागे असणाऱ्याला वेगळा असू शकत नाही.

आणि ज्याला नशीबवान म्हणून मोकळं होतात तो माणूस कोण आहे? २०१४ च्या इंचॉन आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडचा ८४ किलोंवरील गटाचा विजेता. २०१६ चा लिंझचा जगज्जेता. २०१८ ला माद्रिदमध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत होता, तिथे जर्मनीच्या जोनाथन होर्नकडून हरला. त्याची एवढी वर्षं काही सेकंदांच्या एका क्लिपखाली गाडली जातात, हे मला मान्य नाही.

पहाटवारा

पूर्ण असहमत. गंजझादे मोठा खेळाडू आहे, त्याबद्दल वाद नाहीच. प्रश्न त्या लढतीचा आहे.

या खेळात गुण कसे मिळतात बघा. ठोशाला यूको, एक गुण. अंगावर लाथ मारली तर वाझा-आरी, दोन. डोक्यावर लाथ मारली तर इप्पोन, तीन गुण. म्हणजे सगळ्यात जास्त बक्षीस तुम्ही सगळ्यात धोकादायक फटक्याला ठेवलंय. खेळाडू पोरवयापासून तोच फटका घोटतो. मग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो थोडा जास्त जोरात बसला की तुम्ही म्हणणार, 'उठ, घरी जा'. लाथ हलकी बसली असती तर ७-१ झाले असते! तीच लाथ, तोच कोन, तीच वेळ.

समोरचा पुतळा नसतो हेही लक्षात घ्या. तो पुढे सरकत असतो, वाकत असतो. दोघांच्या वेगाची बेरीज होऊन आघात होतो, आणि खापर मात्र एकाच्याच डोक्यावर फुटतं.

शिवाय तेव्हाच्या नियमांत हान्सोकूच्या आधी चुकोकू, केइकोकू, हान्सोकू चुई अशा चढत्या ताकिदींच्या पायऱ्या होत्या. त्या कशासाठी ठेवल्या होत्या?

निळी शाई

पहाटवारा, तीन गुण आहेत ते ती लाथ धोकादायक आहे म्हणून नाहीत, ती तिथवर नेऊन तिथेच थांबवणं अवघड आहे म्हणून आहेत. सगळं कौशल्य त्या शेवटच्या वीतभर अंतरात असतं. 'हलकी बसली असती तर' असं तुम्ही म्हणता, तिथेच माझा मुद्दा संपतो. ती हलकी बसली नाही.

करडा पट्टा

मी बरीच वर्षं स्पर्धांमध्ये कोपऱ्यातला पंच म्हणून झेंडे घेऊन बसतो, म्हणून थोडं लिहितो.

पायऱ्या आहेत, पण प्रत्येक वेळी खालपासूनच चढत जावं असा नियम नाही. आघात गंभीर असेल तर पंच थेट हान्सोकू देऊ शकतात. इजा किती झाली हेही त्यात बघितलं जातं, डॉक्टरचं मत घेतलं जातं. खेळाडू पडला आणि दहा सेकंदांत नीट उभा राहिला नाही, तर तो पुढे खेळायला अपात्र ठरतो आणि लढत तिथेच थांबते. आता त्या दिवशीच्या पंचांपुढे काय उरलं होतं? इजेचा दोष हामदीचा म्हटला तर हामदी बाद. दोष त्याचा नाही म्हटलं तर गंजझादे खेळू शकत नाही म्हणून हरला. मधला रस्ता नियमपुस्तकात नाही. 'लढत बरोबरीत सोडा' किंवा 'दोघांना सुवर्ण द्या' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पहाटवारांच्या 'समोरचा पुढे सरकतो' या म्हणण्यात तथ्य आहे. स्वतःच्या बचावाकडे दुर्लक्ष करून आत घुसणाऱ्यालाही दंड आहे, त्याला मुबोबी म्हणतात. पण तो द्यायला खेळाडूने उघड बेफिकिरी केलेली दिसावी लागते. मी ती लढत पुन्हा पुन्हा पाहिली. मला त्यात मुबोबी दिसला नाही.

तिसरी घंटा

नियम काहीही असोत, टीव्हीवर बघणाऱ्या सामान्य माणसाला काय दिसलं? ज्याने फटका मारला तो रडतोय आणि जो स्ट्रेचरवर गेला तो विजेता. असला खेळ ऑलिंपिकमध्ये कोण ठेवेल? याच लढतीमुळे पॅरिसमधून कराटे गेलं. तायक्वांदो बघा, तिथे डोक्यावर लाथ मारून समोरचा उठला नाही तर मारणारा जिंकतो. सरळ हिशेब. तो खेळ ऑलिंपिकमध्ये टिकून आहे.

सांजसावली

तिसरी घंटा, हे तारखांशी जुळत नाही. पॅरिसच्या आयोजकांनी आपले जादा खेळ फेब्रुवारी २०१९ मध्येच सुचवले होते : ब्रेकिंग हा नृत्यप्रकार, स्केटबोर्डिंग, क्लायंबिंग, सर्फिंग. डिसेंबर २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. टोकियोची ही लढत त्यानंतर आठ महिन्यांनी झाली. म्हणजे दोघेही मॅटवर उतरले तेव्हा त्यांना पुढच्या वेळी ही संधी नाही हे माहीत होतं. मला तर तो सगळ्यात जड भाग वाटतो. तायक्वांदोत डोक्याला हेल्मेट आणि अंगावर संरक्षक कवच असतं. कराटेत डोकं उघडं. दोन्हींचे नियम सारखे करा म्हणणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट कोणी काढली नाही. जागतिक स्पर्धेत पुरुषांचे ७५ किलोंच्या वर दोन गट असतात, ८४ पर्यंतचा आणि ८४ च्या वरचा. टोकियोत ते एकत्र केले, कारण पुरुषांना कुमितेत तीनच गट मिळाले. लिंझमध्ये २०१६ ला ८४ किलोंखालील जगज्जेता ठरलेला जपानचा र्‍युतारो आरागा आणि त्याच स्पर्धेत ८४ च्या वरचा जगज्जेता ठरलेला गंजझादे इथे एकाच गटात होते. आरागा आणि तुर्कस्तानचा उगुर आक्ताश यांना कांस्य मिळालं. या गटाला वजनाची वरची मर्यादाच नाही. गंजझादेला माद्रिदमध्ये हरवणारा होर्न तर टोकियोत पहिल्याच लढतीत हाताला गंभीर दुखापत होऊन बाहेर गेला. एवढ्या वजनाची माणसं, उघडी डोकी आणि 'फक्त स्पर्श' हा नियम! जबाबदारी एकट्या हामदीवर टाकताना हे सगळं विसरायचं का?

पहाटवारा

सांजसावली, हे मांडलंत ते फार बरं झालं. मला हेच बोचतं. खेळाची रचना करणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही आणि २३ वर्षांच्या मुलाकडून आयुष्यातलं एकमेव ऑलिंपिक सुवर्ण काढून घेतलं जातं. ते सौदीचं इतिहासातलं पहिलं सुवर्ण ठरलं असतं. पॅरिसनंतरही त्यांच्या खात्यात एकही नाही. त्यांच्या सरकारने त्याला सुवर्णाच्या बरोबरीचं बक्षीस दिलं, ५० लाख रियाल, ते उगाच नाही. आणि पोरगा किती सभ्यपणे वागला! निर्णय पटला नाही एवढं बोलला आणि गंजझादेसोबत व्यासपीठावर उभा राहिला.

माझी मागणी साधी आहे. तंत्र शुद्ध असेल, मारण्याचा हेतू नसेल आणि तरीही समोरचा पडला, तर त्या क्षणापर्यंतच्या गुणांवर निकाल द्या. फटक्याचे गुण देऊ नका, हवं तर दंडाचे गुण कापा. पण अख्खी लढत पुसू नका.

निळी शाई

मग ४-१ ने पुढे असलेल्याला समोरच्याचं डोकं फोडण्यात तोटा काय उरला? शेवटच्या वीस सेकंदांत जो पुढे असेल त्याला तुम्ही मोकळीक देताय. हेतू कोण मोजणार? पंचाला हेतू दिसत नाही, पाय कुठे बसला ते दिसतं.

हामदीबद्दल मलाही वाईट वाटतं, त्याच्या वागण्याचा आदरही वाटतो. पण तोटा सोसणारा तो एकटाच नाही. गंजझादेलाही आपला सर्वोच्च क्षण अनुभवता आला नाही. असं जिंकल्याचं दुःख आहे असं तो स्वतः म्हणाला होता. तरी आयुष्यभर त्यालाच खुलासा द्यावा लागणार.

करडा पट्टा

निळी शाई, मोकळीक देण्याची भीती बरोबर आहे, आमच्या हॉलमध्ये ती रोज दिसते. पण उलट बाजूही दिसते. मागे पडलेला खेळाडू साधा स्पर्श झाला तरी चेहरा धरून खाली बसतो, कारण समोरच्याला दंड झाला तर फायदा त्याचाच. इजेचा बाऊ करणाऱ्याला दंड आहे, तरीही हे चालतं. गंजझादेने असलं काही केलं नाही, तो खरोखर बेशुद्ध होता. पण त्या निकालानंतर ज्यांनी चुकीचा धडा घेतला, त्यांचं काय करायचं हे मला सुचलेलं नाही.

पहाटवारांची सूचना मी तशी मान्य करणार नाही. 'पुढे असणारा जिंकेल' याऐवजी 'इजा करणाऱ्याला जास्तीत जास्त रौप्य, पण सुवर्ण कोणालाच नाही' असं म्हटलं तर?

पहाटवारा

सुवर्ण कोणालाच नाही? मग दोघांवरही अन्याय. त्यापेक्षा मला गंजझादेचं सुवर्ण चालेल.