मदत हवी आहे : फ्री डिशचे निम्मे चॅनेल गेले, रेडिओवरही घरघर

कृष्णाकाठ
पंधरा दिवस झाले, डीडी फ्री डिशवरचे जवळजवळ निम्मे चॅनेल दिसत नाहीत. काहींवर चौकोन चौकोन येऊन चित्र अडकतं, काहींवर थेट 'सिग्नल नाही'. बाकीचे मात्र एकदम स्वच्छ. डिशवाला दोनदा येऊन छत्री हलवून गेला, दोन्ही वेळा पैसे घेतले, फरक शून्य. आता म्हणतो नवीन एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा डबा) घ्या. घेऊ का? शिवाय आकाशवाणी पुणे लावलं की रेडिओवर सारखी घरघर. दोन्हीचा काही संबंध असेल का? जरा लवकर सांगा, घरात रोज यावरून कटकट चालू आहे.

लोखंडी_पाइप
गाव कुठलं ते लिहा, त्याशिवाय दिशा सांगता येत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला वाऱ्याने छत्री हलते, दहांतले आठ दोष तिथेच असतात. आधी ज्या पाइपावर डिश बसवली आहे त्याला ओळंबा लावून बघा. पाइप तिरका असेल तर उंचीच्या पट्टीवरचे आकडे खोटे ठरतात. आणि ६० सेंटिमीटरची असेल तर सरळ ९० ची घ्या, पावसातही चित्र टिकेल.

चौकट
लाइन बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) लावा, २० डीबीचा (डीबी म्हणजे सिग्नल किती वाढला-घटला याचं माप). दीड-दोनशेत येतो. एलएनबी आणि बॉक्सच्या मध्ये जोडायचा, झालं.

डेसिबल
बूस्टर लावू नका, एलएनबीही घेऊ नका. आधी ही माहिती द्या:
कुठले चॅनेल गेले याची यादी नको, ते कुठल्या फ्रीक्वेन्सीवर आहेत ते हवं. बिघडलेल्या चॅनेलवर असताना रिमोटचं 'इन्फो' बटण दाबा, किंवा मेनूत इन्स्टॉलेशनमध्ये जा. तिथे ११०९० / व्ही / २९५०० अशा ओळी दिसतील; पहिला आकडा फ्रीक्वेन्सीचा, व्ही म्हणजे उभं पोलरायझेशन (लहर कंप पावण्याची दिशा). प्रत्येक ओळीवर थांबून क्वालिटीचा आकडा लिहून घ्या, स्ट्रेंथचा नाही. केबल किती मीटर, मध्ये जोड आहे का, आणि एका डिशवर टीव्ही किती, हेही लिहा.
एक सूचना: तोवर ऑटो स्कॅन करू नका. अशक्त ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एका फ्रीक्वेन्सीचा प्रक्षेपक) स्कॅनमध्ये सापडला नाही तर त्यावरचे सगळे चॅनेल यादीतूनच पुसले जातील आणि दोष शोधणं अवघड होईल.

सह्याद्रीप्रेमी
बॉक्स एमपीईजी-२ चा आहे की एमपीईजी-४ चा (चित्र दाबून पाठवायची जुनी आणि नवी पद्धत)? जुन्या बॉक्सवर एमपीईजी-४ चे चॅनेल येतच नाहीत. दर वर्षी १ एप्रिलच्या सुमारास लिलावानंतर चॅनेलही इकडचे तिकडे होतात. नवा बॉक्स घ्यायचा तर मागे एचडीएमआयचं तोंड बघून घ्या.

डेसिबल
@सह्याद्रीप्रेमी, बॉक्सला ते चॅनेल वाचताच येत नसते तर चौकोन येऊन चित्र अडकलं नसतं. चौकोन येतात म्हणजे बॉक्स चॅनेल वाचतोय, पण डेटा अर्धवट पोचतोय. आणि दोष पंधरा दिवसांचा आहे, एप्रिलचा नाही.

कृष्णाकाठ
वाईजवळ राहते. डिश ६० सेंटिमीटरच, पाइप सरळ आहे, ओळंबा लावून बघितला. मेनूत स्ट्रेंथ सगळीकडे ८८. क्वालिटी: ११०९० वर ६४. ११४७० वर १८ ते २५, सारखी नाचते. गेलेले चॅनेल सगळे ११४७० वरचेच निघाले! केबल अंदाजे ३० मीटर. बॉक्स जुना नाही.

लोखंडी_पाइप
वाईहून जीसॅट-१५ (फ्री डिशचा उपग्रह) म्हणजे ९३.५ अंश पूर्व. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३१ अंश, म्हणजे आग्नेय. उंची ५९ अंशांच्या आसपास. पण ही ऑफसेट डिश (एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असलेली) असते, तिचा पत्रा वीस-पंचवीस अंश कमी कललेला दिसतो, त्यामुळे नजरेने 'खाली बघतेय' म्हणून वर उचलू नका. होकायंत्र पाइपापासून दोन मीटर लांब धरा, लोखंडाजवळ सुई फिरते. एलएनबी उभा बसवलेला नसतो, तुमच्याकडे तो सुमारे ४६ अंश फिरवलेला लागतो. क्लॅम्प सैल करून पाच-पाच अंश फिरवा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून क्वालिटी बघा.

डेसिबल
आकडे बरोबर आहेत, पण इथे त्यांचा उपयोग नाही. ११०९० आणि ११४७० दोन्ही एकाच उपग्रहावरून, दोन्ही व्ही पोलरायझेशनचे. डिश हलली असती किंवा एलएनबी फिरला असता तर दोन्ही पडले असते. ११०९० वर ६४ आहे, म्हणजे डिश जागेवर आहे. ताई, छत्रीला हात लावू नका.

लोखंडी_पाइप
सगळ्या ट्रान्सपाँडरची ताकद सारखी नसते. दिशा थोडी ढळली की आधी अशक्त तेवढे जातात.

डेसिबल
तो फरक मान्य, पण ६४ विरुद्ध २० इतका नसतो. आणि माणसाने दोनदा छत्री फिरवूनही आकडे तसेच राहिले. आता नीट बघा: एलएनबी खाली केबलमध्ये मूळ फ्रीक्वेन्सी पाठवतच नाही, त्यातून ९७५० वजा करून पाठवतो. म्हणजे केबलमध्ये ११०९० चं होतं १३४० मेगाहर्ट्झ आणि ११४७० चं १७२०. वरची फ्रीक्वेन्सी पडतेय आणि खालची टिकतेय. हे लक्षण केबल, कनेक्टर किंवा मधल्या जोडणीचं आहे. स्ट्रेंथ ८८ दिसते कारण त्या आकड्यात गोंगाटही मोजला जातो. बूस्टरने तो गोंगाटही तितकाच वाढतो, म्हणून मी नको म्हणालो. जोड आणि टीव्हींबद्दल विचारलं होतं त्याचं उत्तर अजून आलं नाही.

चौकट
बूस्टर एलएनबीजवळ लावला तर उपयोग होतो. केबलमध्ये घट होण्याआधीच सिग्नल वाढतो.

डेसिबल
साठ-सत्तर मीटरच्या केबलला, हो. ३० मीटर चांगल्या आरजी-६ (डिशच्या नेहमीच्या) केबलमध्ये या फ्रीक्वेन्सीला ८-९ डीबी जातात, तेवढं बॉक्स सहज सहन करतो. खराब जोडावर बूस्टर लावला तर जोड खराबच राहतो.

गच्चीवाला
शेजारी मोबाइल टॉवर आहे का? १८०० च्या पट्ट्याचा टॉवर १८०५ ते १८८० मेगाहर्ट्झवर सोडतो आणि स्वस्त केबलची जाळी विरळ असली की ते आत शिरतं.

डेसिबल
मुद्दा चांगला आहे. पण ११४७० साठी १७२० च्या आजूबाजूला अठरा-वीस मेगाहर्ट्झ धरा, ते १८०५ पर्यंत जात नाही. साधारण ११५५५ ते ११६३० च्या पट्ट्यातलं काही गेलं असतं तर टॉवरवर संशय घेतला असता.

कृष्णाकाठ
टॉवर नाही. जोड आहे, गच्चीवर. केबल कमी पडली म्हणून डिशवाल्याने तारा पिळून काळी टेप गुंडाळली होती. आणि हो, टीव्ही दोन आहेत. मे महिन्यात आईच्या खोलीत दुसरा लावला, घरात पडून असलेला स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा) जोडून. तो तेव्हा चालत होता म्हणून लिहिलं नाही. फक्त हॉलच्या बॉक्सचा भिंतीवरचा स्विच बंद केला की आईचा टीव्हीही जातो.

डेसिबल
हेच हवं होतं. स्प्लिटरवर छापलेले आकडे वाचून सांगा.

कृष्णाकाठ
'५-१००० मेगाहर्ट्झ'.

डेसिबल
तो केबल टीव्हीचा स्प्लिटर आहे. १००० च्या वर तो बांधील नाही. १३४० कसाबसा जाऊ देतो, १७२० ला गळा आवळतो. मे महिन्यात थोडक्यात निभावलं, पाऊस पडल्यावर पिळलेल्या जोडात पाणी गेलं आणि उरलेली क्वालिटीही गेली. दोन दोष एकावर एक आहेत. आईचा टीव्ही जातो कारण या स्प्लिटरच्या एकाच तोंडातून एलएनबीची वीज वर जाते आणि त्या तोंडाला हॉलचा बॉक्स आहे.
तपास असा करा: दोन्ही बॉक्सचे भिंतीवरचे स्विच बंद. स्प्लिटर काढा, वरून आलेली केबल थेट हॉलच्या बॉक्सला लावा, ११४७० ची क्वालिटी लिहा. मग गच्चीवरचा जोड कापून नवे कनेक्टर लावा, पुन्हा लिहा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर दोष कशात किती होता ते कळणार नाही.

गच्चीवाला
जोडाचं काम सांगतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना वरचं आवरण सोलून जाळी बघा. काळी किंवा हिरवट असेल तर पाणी जाळीतून आत शिरलंय. चकचकीत धातू लागेपर्यंत कापत जा, कधी अर्धा मीटर जातो. मग बाहेरचं आवरण १२-१३ मिलिमीटर काढा, जाळी मागे दुमडा, आतल्या पांढऱ्या भागाचे ६ मिलिमीटर ठेवून बाकी काढा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये, तिथे शॉर्ट होऊन एलएनबीची वीजच बंद होते. एफ कनेक्टर चढवल्यावर पांढरा भाग आतल्या तळाशी सपाट दिसला पाहिजे आणि मधली तार नटाच्या कडेबाहेर २-३ मिलिमीटर. पिळून बसवायचे कनेक्टर घेऊ नका, दाबून बसवायचे घ्या. दोन कनेक्टरच्या मध्ये एफ जोडणी, म्हणजे ज्याला दुकानात 'जॉइंटर' म्हणतात ती. नट हाताने घट्ट करून ११ च्या पान्याने पाव फेरा, जास्त नाही.
वर काळी इन्सुलेशन टेप नको, उन्हाने तिचा चिकटा सुटतो. ओढून गुंडाळायची रबरी टेप मिळते ती घ्या, खालून वर गुंडाळा म्हणजे थर कौलांसारखे बसतात. जोड जमिनीवर पडू देऊ नका, आणि एलएनबीशी केबलला खाली झोल द्या म्हणजे पाणी झोलातून गळेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. चढलाच आहात तर एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकणही बघा, त्याला चीर असली तर आत पाणी साठतं.

लोखंडी_पाइप
स्प्लिटरचा नाद सोडा. दोन तोंडांचा ट्विन एलएनबी आणि दोन वेगळ्या केबल, हाच कायमचा उपाय.

डेसिबल
आणखी ३० मीटर केबल आणि भिंतीला नवं भोक नको असेल तर ५ ते २४०० मेगाहर्ट्झचा, दोन्ही तोंडांतून वीज जाऊ देणारा, डायोडवाला (डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) स्प्लिटर पुरतो. दोन तोंडांत सिग्नल वाटताना ४-५ डीबी जातातच, पण ६४ वरून ते परवडतं. दोन्ही बॉक्स व्ही चे चॅनेल बघत असतील तर भांडण होत नाही, कारण दोघेही वर १३ व्होल्टच पाठवतात. एकाने एच (आडव्या पोलरायझेशन) साठी १८ पाठवले तर एलएनबी तिकडे वळतो आणि दुसऱ्याचं चित्र जातं. तसं काही बघायचं असेल तरच ट्विन घ्या.

मध्यमलहरी
रेडिओचं कुणी बोललंच नाही. आकाशवाणी पुणे म्हणजे ७९२ किलोहर्ट्झच ना? घरघर दिवसभर असते की ठरावीक वेळी? रेडिओ सेलवर चालतो की विजेवर?

चौकट
एफएमसाठी द्विध्रुव अँटेना करा. पुण्याच्या १०१ मेगाहर्ट्झला दोन्ही बाजूंना ७१-७१ सेंटिमीटर तार, मध्ये ७५ ओहमची केबल.

मध्यमलहरी
त्या मध्यमलहरीबद्दल विचारताहेत, एफएमबद्दल नाही. ७९२ ला तार ताणून उपयोग नाही, रेडिओच्या आतल्या फेराइट दांडीवर (अँटेनाचं काम करणाऱ्या चुंबकीय दांडीवर) सगळं चालतं.

कृष्णाकाठ
हो, ७९२. घरघर संध्याकाळी सातनंतर. रेडिओ सेलवर.
टीव्हीचा निकाल: नुसता स्प्लिटर काढल्यावर ११४७० ची क्वालिटी २२ वरून ४१. जोडाची जाळी काळी होती, दोन्ही बाजूंनी मिळून सत्तर सेंटिमीटर कापावं लागलं. नवे कनेक्टर लावल्यावर ६१. हॉलमध्ये सगळे चॅनेल आले. २४०० चा स्प्लिटर वाईत मिळाला नाही, साताऱ्याहून मागवलाय.

डेसिबल
६१ म्हणजे उत्तम. स्प्लिटर आल्यावर दोन्ही बॉक्स चालू ठेवून पुन्हा आकडा लिहा. ५० च्या वर राहिला तर थांबा, काही बदलू नका. ऑटो स्कॅन आता करायला हरकत नाही.

मध्यमलहरी
आता रेडिओ. ७९२ लावून घराचा मुख्य स्विच बंद करा. घरघर थांबली तर ती घरातल्याच एखाद्या एलईडी बल्बची किंवा ॲडॅप्टरची. मग स्विच चालू करून एकेक वस्तू काढत जा. फ्री डिशच्या बॉक्सचा ॲडॅप्टर आधी, या स्वस्त ॲडॅप्टरना गाळणीच नसते. सापडला की त्याच्या तारेवर क्लिपचा फेराइट मणी लावा, तारेचे तीन-चार वेढे घेऊन. एक वेढा पुरत नाही. किंवा रेडिओ दोन-तीन मीटर लांब ठेवा.
मुख्य स्विच बंद करूनही घरघर चालू राहिली तर ती बाहेरून येते आहे.

कृष्णाकाठ
बंद करून बघितला. चालूच राहिली. दारासमोरच्या खांबावर नवा एलईडी दिवा आहे, तो सातलाच लागतो.

मध्यमलहरी
मग त्याचाच ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट). रेडिओ हातात धरून खांबाकडे चालत जा, आवाज वाढत गेला तर खात्री. तोवर हे करा: दांडी रेडिओच्या लांबीला समांतर असते. दांडीचं टोक ज्या दिशेला असेल तिकडचं सर्वांत कमी ऐकू येतं. पुणे तुम्हाला उत्तरेला, म्हणून रेडिओची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की पुणे सर्वांत मोठं. आता खांब घराच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर त्याच स्थितीत घरघर आपोआप मरेल. खांब उत्तर-दक्षिणेला असेल तर मात्र असं जमणार नाही, रेडिओ घराच्या मागच्या खोलीत न्यावा लागेल.
ग्रामपंचायतीत अर्ज द्या, खांबाचा क्रमांक आणि 'दिवा लागताच ७९२ किलोहर्ट्झवर घरघर' असं स्पष्ट लिहून. नुसतं 'रेडिओ येत नाही' लिहिलं तर तुमचा रेडिओ बिघडलाय म्हणतील. दिवा बदलायची गरज नसते, ड्रायव्हर बदलला की काम होतं.

कृष्णाकाठ
खांब पश्चिमेला आहे. रेडिओ खिडकीत आडवा ठेवला, सातनंतर बातम्या स्वच्छ ऐकल्या. अर्ज उद्या देते.