पक्षाघातानंतरच्या ‘मेंदूच्या गोळ्या’ : पैसे नक्की कशावर घालवायचे?

चैत्रपालवी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, सातारा भागात घरोघरी जाते. पक्षाघाताच्या पेशंटकडे पहिल्यांदा गेलं की घरचे डिस्चार्जचा कागद पुढे करतात आणि त्यावर सिटिकोलीन ही ‘मेंदूची गोळी’ बहुतेक वेळा असतेच. काहींना डुकराच्या मेंदूपासून बनवलेलं सेरेब्रोलायसिनही टोचलेलं असतं. महिन्याभराच्या गोळ्या आधीच आणून ठेवलेल्या असतात. मग व्यायामाचा विषय निघतो तेव्हा ऐकू येतं, “ताई, आठवड्यातनं एकदाच आलात तर चालेल का? परवडत नाही.”

या गोळ्या सर्रास लिहिणं थांबलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. सिटिकोलीनची परीक्षा होऊन गेली आहे. स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीतल्या २२९८ पेशंटवरची चाचणी २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. रोज २००० मिलिग्रॅम, सहा आठवडे. नव्वद दिवसांनी औषध मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक नव्हता. पुढे चालवून काही हाती लागणार नाही म्हणून ती मध्येच थांबवली. त्याच वर्षी अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या १२१३ जणांवर हेच औषध तपासलं, तिथेही पाटी कोरी.

रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबद्दल मी बोलत नाही. त्या पुढचा झटका टाळण्यासाठी असतात, कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

डॉ. निशिगंध
ताई, आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला अर्थ घाईचा आहे. त्या चाचणीतल्या जवळपास निम्म्या पेशंटना गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही मिळालं होतं. ज्यांना ते मिळालं नाही आणि ज्यांनी सत्तरी ओलांडली होती, त्यांच्यात सिटिकोलीनच्या बाजूने थोडा कल दिसला. आता माझ्या ओपीडीत येणारा माणूस पाहा. सकाळी तोंड वाकडं झालं, गावात सलाईन लावलं, तालुक्याला नेलं, तिथे सीटी स्कॅन नाही म्हणून जिल्ह्याला पाठवलं. इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत केव्हाच टळलेली. त्याच्या मुलाला सांगू का, की आता काहीच देण्यासारखं नाही? या गोळीने फारसा अपाय होत नाही. आशेला जागा असेल तर मी ती देणार.

चैत्रपालवी
डॉक्टर, चाचणी फसल्यावर तिचे तुकडे पाडत गेलं की कुठल्यातरी तुकड्यात फायदा सापडतोच. पक्षाघातात मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी काढलेलं एनएक्सवाय-०५९ हे औषध आठवतं का? २००६ साली १७२२ पेशंटवर आशा दिसली, पुढच्या वर्षी ३३०६ जणांवर तपासल्यावर ती मावळली. तुम्ही दाखवताय तो तर एकाच चाचणीच्या आतला कल आहे, त्यावर तेवढीही फेरतपासणी झालेली नाही.

“अपाय तर नाही ना” या युक्तिवादाची मला भीती वाटते. डोक्याला मार लागला की स्टिरॉइड द्यायचं, हे कित्येक वर्षं जगभर चालू होतं. मेंदूची सूज उतरेल असं सगळ्यांना वाटे. मग १०,००८ पेशंटवर ‘क्रॅश’ चाचणी झाली. २००४ साली आकडे आले: दोन आठवड्यांत स्टिरॉइडच्या गटात २१.१ टक्के दगावले, दुसऱ्या गटात १७.९ टक्के. चांगल्या हेतूने दिलेल्या औषधाने माणसं मरत होती, आणि मोजेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं.

पेशीजाल
मी चेतापेशींच्या लवचीकपणावर काम करतो. सिटिकोलीनची वकिली मी करणार नाही. पण तुमच्या लिहिण्यातून मेंदू सुधारण्यात औषधांना स्थानच नाही असा सूर निघतो, त्याला माझा विरोध आहे.

२००८ साली इटलीतल्या पिसा इथल्या गटाने मोठ्या वयाच्या उंदरांवर प्रयोग केला. लहानपणी एक डोळा दीर्घकाळ बंद राहिल्याने तो अधू झालेला. प्रौढपणी तो सुधारत नाही, कारण दृष्टीच्या भागातल्या जोडण्या तोवर पक्क्या होतात. या उंदरांना पाण्यातून फ्लुओक्सेटिन दिलं, म्हणजे नैराश्यावरची आपल्याकडे सहज मिळणारी गोळी. जोडण्या पुन्हा बदलायला तयार झाल्या, पेशींवरचा आवर ढिला पडला आणि अधू डोळ्याला नजर आली. मात्र त्यासाठी चांगला डोळा शिवून बंद ठेवावा लागला. औषधाने मेंदू शिकायला तयार झाला, शिकला तो अधू डोळा वापरल्यामुळे.

फ्रान्समध्ये २०११ साली ११८ पेशंटवर नेमकं हेच धरून काम झालं. झटक्यानंतर पाच ते दहा दिवसांत २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन सुरू केलं, सोबत सगळ्यांना फिजिओथेरपी. तीन महिन्यांनी औषधाच्या गटात हातापायांची हालचाल जास्त सुधारली होती. हे दार बंद करू नका.

चैत्रपालवी
दार मोठ्या चाचण्यांनी बंद केलं, सर. ब्रिटनमध्ये ३१२७ पेशंट, निकाल २०१८. मग २०२० साली स्वीडनचे १५०० आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड-व्हिएतनाममधले १२८०. तिन्ही ठिकाणी सहा महिन्यांनी परावलंबन तेवढंच. नैराश्य थोडं कमी झालं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं, ब्रिटनमध्ये १.४७ वरून २.८८ टक्के. अर्ध्या अंगाने आधीच लुळ्या माणसाचा खुबा मोडला तर पुढचे सहा महिने कसे जातात, ते मी घरात उभी राहून पाहते.

पेशीजाल
या चाचण्यांत गोळी रोजच्या उपचारांत भर म्हणून दिली. व्यायाम किती, कुठला, गोळीच्या जोडीने की नाही, हे बांधून दिलेलं नव्हतं. उंदराचा चांगला डोळा उघडा ठेवून प्रयोग केल्यासारखं झालं हे. गोळी चुकीच्या पद्धतीने तपासली गेली, असं माझं ठाम मत आहे.

चैत्रपालवी
मग चांगला डोळा बंद करण्याचाच प्रयोग माणसांवर करू ना, गोळीशिवाय! तो झालाय. अमेरिकेत २२२ पेशंट, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. चांगल्या हाताला जाड हातमोजा, जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ, आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून कसून सराव. २००६ साली निकाल आला: हात स्पष्टपणे सुधारला आणि वर्षभर टिकला.

डॉ. निशिगंध
दोन आठवडे रोज कित्येक तास सराव घ्यायला माणूस कुठून आणायचा? आपल्याच देशातली चाचणी सांगतो. १४ रुग्णालयं, १२५० पेशंट. घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाठवलं, म्हणजे फिजिओ नसला तरी चालेल. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के लोक परावलंबी किंवा मृत. तुमचा व्यायामही आकड्यांत नापास झाला, ताई. मग गोळीलाच एवढी कडक फूटपट्टी का?

चैत्रपालवी
फूटपट्टी एकच ठेवू. घरच्यांना थोडं शिकवून शिकलेल्या फिजिओची जागा भरता येत नाही, हे त्या चाचणीने दाखवलं. ते मी मान्य करते आणि म्हणूनच तालुक्याच्या दवाखान्यात फिजिओची जागा भरलेली असावी म्हणून भांडते. गोळी बाजारात कुणीही विकतं. फिजिओची नेमणूक कुणीतरी करावी लागते, ती करा असं ओरडायला तुम्ही डॉक्टर मंडळी आमच्यासोबत हवी आहात.

दगडफूल
मी पेशंटचा मुलगा. तुमच्या वादातलं निम्मं कळलं, पण एक नक्की सांगतो. आम्हाला कुणीच सांगितलं नाही की ही गोळी ‘कदाचित’वाली आहे. बीपीच्या गोळीइतकीच गरजेची समजून घेत राहिलो, आणि पैसे कमी पडले त्या महिन्यात फिजिओ बंद केला. डॉक्टर, “आशा आहे म्हणून देतोय, नाही घेतली तरी चालेल” एवढं बोलला असतात तर आम्ही वेगळं ठरवलं असतं. वडिलांना झटका येऊन आठ महिने झालेत. उजवं मनगट थोडं वर उचलतात. हातमोज्याचं आता करता येईल का?

चैत्रपालवी
आठ महिने म्हणजे उशीर झालेला नाही. मनगटासोबत बोटंही थोडी उघडता येतात का, ते आधी बघा. पूर्ण लुळ्या हाताला ही पद्धत लागू पडत नाही. चालताना तोल जात असेल तर चांगला हात बांधायचा नाही, पडतील. सराव बसून, तासाभराचे दोन-तीन भाग पाडून: वाटी उचलणं, बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं. सुरुवात जवळच्या फिजिओसमोरच करा. आणि गोळ्यांचा कागद तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवून विचारा, यातली कुठली झटका टाळण्यासाठी आहे आणि कुठली ‘कदाचित’साठी.

डॉ. निशिगंध
तो कागद माझ्यापुढे आला तर मी खरं सांगेन. सिटिकोलीन लिहिणं मात्र आज बंद करत नाहीये. इंजेक्शन न मिळालेल्या म्हाताऱ्या पेशंटवर वेगळी मोठी चाचणी झाली आणि तीही कोरी निघाली, तर करेन.